चोवीस व्होल्टचा शोध

गेले दोन महिने मी एका वस्तूच्या शोधात होतो. वस्तू तशी साधीच. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन २४ व्होल्ट डीसी देणारा पॉवर सप्लाय! नातेवाईक मंडळींना माहीत आहेच की आमच्या गॅलरीत लाकूडकामाचा एक छोटा लेथ उभा आहे. त्यावर भोवरे, लाटणी, खुंट्या असे काहीबाही करायचे, हा बेत. मोटर भाच्याने दिली, एका मोडक्या विजेच्या स्कूटरची. २४ व्होल्ट, २५० वॅट. आता तिला खायला काय घालायचे, हा प्रश्न.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, मी नवीन मागवून देतो. भंगारातलं काही आणू नका. तुम्ही घरात एकटे, काही झालं तर कळणार कोणाला?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. ही गेल्यापासून घरात मी एकटाच. पण नवीन आणायचा तरी कोणता, हे ठरवावे लागतेच ना! आणि मला तेच समजून घ्यायचे होते. जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. ओहमचा नियम शेजारच्या वर्गातून कानावर पडला, तेवढाच.

तर गणित असे. २५० भागिले २४ म्हणजे साधारण साडेदहा अँपियर. त्यात मोटर थोडी वीज उष्णतेत घालवते, म्हणून पूर्ण भाराला १३-१४ धरावे. पण खरी गोम सुरुवातीच्या क्षणी आहे. फिरणारी मोटर स्वतःच उलट दाब तयार करते आणि प्रवाह आवरून धरते. थांबलेल्या मोटरला ते जमत नाही. तिच्या वेटोळ्याचा रोध अर्धा ओहम धरला, तर पहिल्या क्षणाला ती ४८ अँपियर मागेल!

आजकालचे हलके एसएमपीएस अशा वेळी स्वतःला वाचवायला बंद पडतात, पुन्हा सुरू होतात, पुन्हा बंद. मोटर नुसत्या उचक्या देत राहते. वेग हळूहळू वाढवणारा कंट्रोलर मध्ये लावला तर त्यातून वाट निघते. जुन्या पद्धतीचा सप्लाय म्हणजे लोखंडी ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर. त्याचे व्होल्टेज क्षणभर खाली जाते, पण तो मागितलेला जादा प्रवाह निमूटपणे देतो. मला तसाच हवा होता.

एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. कारखान्यांतल्या कंट्रोल पॅनेलना २४ व्होल्टच लागतात, त्यामुळे मोडीत निघालेला असा माल मिळतो. पिशवीत मल्टीमीटर आणि मोटारीच्या हेडलाइटचे चार बल्ब. एका विक्रेत्याने चकचकीत एसएमपीएस पुढे केला. त्याच्या बाजूचे बटण ११५ व्होल्टवर होते. तसाच आपल्या विजेला जोडला असता तर धूरच! तो बाजूला ठेवला. मग त्याने आतून सहा-सात किलोचा एक धोंडा काढला.

"काका, एकदम ओके माल. मीटर लावून बघा."

मीटरने २९ दाखवले. पण भार नसताना दाखवलेला आकडा कोण धरतो? बाकावर बसून सगळी उत्तरे येणारी मुले फळ्यापाशी गेली की काय होते, ते मी पाहिले आहे. १२ व्होल्टचे दोन-दोन बल्ब एकामागे एक जोडून दोन जोड्या लावल्या, म्हणजे सुमारे १० अँपियरचा भार. शिवाय थंड बल्बही मोटरसारखाच सुरुवातीला कितीतरी पट प्रवाह ओढतो. बल्ब लख्ख पेटले. मीटर २५ वर आला आणि तिथेच राहिला. दहा मिनिटे तसेच ठेवले. गरम झाला, पण जळका वास नाही, कपॅसिटर फुगलेला नाही. साडेसहाशेत सौदा झाला.

"काका, लाइनमधले दिसता," तो म्हणाला.

"मास्तर आहे रे," म्हटले.

घरी आल्यावर तीन पिनांची वायर लावली. अर्थिंगची पिन थेट लोखंडी डब्याला पोचते ना, ते मीटरने तपासले. २३० च्या बाजूला जरा दमाने उडणारा फ्यूज, आणि हाताशी मोठे लाल बटण. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये साठा उरतो, म्हणून एक छोटा बल्ब कायमचा जोडून ठेवला. तो विझल्याशिवाय आत हात नाही.

मुलाला सगळे फोटो पाठवले. त्याने अर्थिंगची वायर मोठी करून पाहिली, दोन प्रश्न विचारले, आणि मग एकच अट घातली. लेथ चालू असताना पुढच्या दाराला आतून कडी लावायची नाही, आणि सुरू करण्यापूर्वी समोरच्या काकूंना सांगायचे.

मी कबूल केले. आता लेथ सुरू झाला की सोसायटीतली पोरे उघड्या दारातून थेट गॅलरीपर्यंत येतात. त्यांना मोटरपासून चार हात लांब उभे करतो. सात भोवरे झालेत, आठव्यासाठी नंबर लागले आहेत.