खुर्चीमागची कंबर

पहाटे नांगर लावलेली मीठगाडी रस्ता खरवडत जाते, त्या आवाजानेच कळतं की रात्री बर्फ पडलाय. शिकागोत ज्यांना गॅरेज नाही, त्यांच्या पोटात तेव्हाच गोळा येतो. ती गाडी रस्ता मोकळा करते आणि काढलेला बर्फ कडेला उभ्या मोटारींच्या अंगावर सारून जाते. आभाळातून पडलेला ताजा बर्फ भुसभुशीत असतो, फावड्याने सहज उडतो. हा बांध मात्र ढेकळांचा, मिठाने अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला. फावडं त्यात शिरतच नाही. आधी बुटाच्या टाचेने फोडायचा, मग उपसायचा.

मग मोटार. दार रबराला चिकटलेलं. हिसडा देऊन उघडावं, तर छतावरचा बर्फ थेट सीटवर. काचेवरचा थर खरवडला की त्याची पांढरी सालपटं निघतात. वायपरच्या पट्टीत मात्र बर्फाची बारीक काडी अडकून राहते, ती बोटांनीच मोडावी लागते. त्यासाठी हातमोजा काढायचा आणि पुढची दहा मिनिटं बोटांचा ठणका सोसायचा. आत येऊन बसलं की आपल्याच श्वासाने काच आतून धुरकटते. एवढं होईतो गाडी जागची हललेलीही नसते.

साधं मीठ उणे नऊ-दहा अंशांखाली फारसं काम करत नाही, आणि जानेवारीत पारा त्याहून खाली उतरतोच. चौकात थांबत-सुटत जाणाऱ्या टायरांनी बर्फ दाबून काचेसारखा केलेला असतो. ब्रेक दाबावा तर पेडल पायाखाली थरथरतं आणि गाडी आपल्या मनाने सरकत राहते. समोरच्याचे लाल दिवे जवळ येत असतात.

या शहराने बर्फावरून महापौर बदललाय. जानेवारी १९७९ च्या वादळानंतर रस्ते तुंबून राहिले आणि पुढच्याच महिन्यात पक्षाच्या उमेदवारीच्या लढतीत मायकल बिलँडिक जेन बर्न यांच्याकडून हरले. लोकांचा तो राग मला पुरता कळतो.

म्हणूनच मी खुर्चीच्या बाजूने आहे. इथे उपसलेल्या जागेत जुनी खुर्ची, इस्त्रीचं टेबल, असलं काहीतरी ठेवून लोक कामाला जातात. याला ‘डिब्स’ म्हणतात. कायद्याने रस्ता सगळ्यांचा, अशी जागा अडवता येत नाही. तरी शेजारी ती खुर्ची सहसा हलवत नाहीत. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मुलखातून मी आलोय. पण रुमालामागे फार तर चपळाई असते. या खुर्चीमागे कुणाची तरी कंबर मोडलेली असते, आणि तिचा मान राखायलाच हवा. बर्फ वितळून गेल्यावरही जी खुर्ची रस्त्यात राहते, तिला मात्र माझ्याकडून काडीची सहानुभूती नाही. तो निव्वळ कब्जा झाला.

आणि ज्यांच्याने उपसवत नाही, त्यांचं काय? आमच्या गल्लीत रात्रपाळी करून सकाळी परतणारी एक नर्स राहते. बारा तास उभं राहून आल्यावर तिने फावडं धरायचं? परवा तिची जागा आम्ही शेजाऱ्यांनी मिळून उपसली. ठेवायला तिची खुर्ची नव्हती, म्हणून माझ्या बाल्कनीतली नेऊन ठेवली. पुढच्या वादळाआधी दोन जास्तीच्या घेऊन ठेवाव्यात म्हणतो.