द्वित्व का जाते?

एकच व्यंजन लागोपाठ दोनदा येणे याला व्याकरणात द्वित्व म्हणतात. इंग्रजीत हे द्वित्व प्रत्यय लागताना निर्माण होते, मराठीत ते प्रत्यय लागताना नाहीसे होते, आणि या दोन उलट दिशांची कारणे वर्गात सहसा सांगितली जात नसल्याने कणकवलीतला विद्यार्थी दोन्ही भाषांचे नियम नुसते पाठ करतो आणि परीक्षा संपताच विसरतो.

इंग्रजीत 'हॉप' या क्रियापदाला 'इंग' लागताना 'पी' दोनदा लिहितात, कारण एकच 'पी' लिहिल्यास तो शब्द 'होपिंग' असा वाचला जाईल. म्हणजे दुसरा 'पी' उच्चारायचा नसतो, तर आधीचा स्वर आखूड आहे एवढेच तो वाचणाऱ्याला दाखवतो, आणि म्हणूनच 'रनिंग'मधले दोन 'एन' पाहून 'रन्निंग' म्हणणे चुकीचे ठरते. प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असेल तर द्वित्व होत नाही. 'शिपिंग'मध्ये दोन 'पी' येतात, 'शिपमेंट'मध्ये एकच. लांब शब्दांत आघात शेवटच्या उच्चारखंडावर असावा लागतो, म्हणून 'बिगिनिंग'मध्ये 'एन' दुणावतो आणि 'ओपनिंग'मध्ये दुणावत नाही. मराठीत आघाताने शब्द बदलत नसल्यामुळे ही अट मराठी मुलाच्या कानाला जाणवत नाही, ती शिक्षकानेच दाखवावी लागते. 'ट्रॅव्हलिंग'मध्ये ब्रिटिश दोन 'एल' लिहितात आणि अमेरिकन एक, तेव्हा तिथे चूक-बरोबरचा वाद घालण्यात अर्थ नाही.

मराठीतले द्वित्व मात्र खरोखर उच्चारले जाते. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर, अशा एकूण १८ नियमांत असे सांगितले आहे की, तीन अक्षरी शब्दातले मधले 'क' किंवा 'प' यांचे द्वित्व सामान्यरूपात, म्हणजे विभक्तिप्रत्ययापूर्वी शब्दाचे जे बदललेले रूप होते त्यात, राहत नाही: रक्कम-रकमेला, डुक्कर-डुकराला, छप्पर-छपरावर, दुप्पट-दुपटीने. याचे कारण उच्चारात आहे. 'रक्कम'मध्ये दुसऱ्या 'क'ला 'अ'चा आधार असतो; शेवटी 'ए' येताच तो 'अ' गळतो, 'क्', 'क्' आणि 'म' एकमेकांवर आदळतात आणि जीभ त्यांतला एक 'क्' सोडून देते. 'हक्क'चे 'हक्काने' होताना द्वित्वाला लगेच 'आ' मिळतो, म्हणून ते टिकते. 'सत्तर'मधला 'अ' गळत नाही, म्हणून 'सत्तरीत' असेच होते. तिथे द्वित्व गेले असते तर सत्तरावा आणि सतरावा यांत फरकच उरला नसता. नियमात नुसती 'क' आणि 'प' ही अक्षरे नोंदली गेली आणि 'अ' गळण्याचे कारण बाहेर राहिले, ही त्या नियमाची खरी उणीव आहे.

'अ' गळण्याचा हाच परिणाम उसन्या शब्दांतही दिसतो. अरबीतून आलेले 'अक्ल' आणि 'नक्ल' हे शब्द मराठीने 'अक्कल', 'नक्कल' असे करून घेतले, पण 'अकलेने', 'नकला' म्हणताना मूळचे जोडव्यंजन पुन्हा ऐकू येते.

सर्वांत जास्त हेळसांड होते ती 'किंमत' या शब्दाची. 'किंमत', 'गंमत', 'हिंमत' यांतला अनुस्वार हा दुणावलेल्या 'म'चाच लेखनातला पर्याय आहे, म्हणून वरील न्यायाने तोही जातो: किमतीला, गमतीने, हिमतीने. 'गमतीजमती' हा शब्द कोणी अनुस्वार देऊन उच्चारत नाही, तरीही दिवाळी अंकांच्या जाहिरातींत 'वाजवी किंमतीत' हेच शब्द वर्षानुवर्षे छापले जातात आणि दाखवून दिल्यावर 'हे पंडितांचे खूळ आहे' असे उत्तर मिळते. हा आक्षेप अन्यायाचा आहे. 'हिंमतवान'मध्ये प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो, म्हणून तिथे अनुस्वार राहतो. इंग्रजीतल्या 'शिपमेंट'प्रमाणेच इथेही स्वर आणि व्यंजन यांचा भेद निर्णायक ठरतो. असा बारकावा कोणा समितीने बसून रचलेला नाही, समितीने तो बोलण्यातून उचलला. सिंधुदुर्गातल्या मालवणी बोलीत 'ला'ऐवजी 'क' लागतो, तरी कणकवलीच्या शिवारातला शेतकरी 'डुकराक' म्हणतो आणि 'छपरार' म्हणतो. 'डुक्कराक' तो कधीच म्हणत नाही.

सिंधुदुर्गातल्या मराठीच्या शिक्षकांनी हा नियम फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना हे शब्द घरच्या मालवणीत मोठ्याने म्हणायला लावावेत, आणि जाहिरातदारांनी येत्या अंकापासून 'किमतीत' असे छापावे.