पाळीवरची रात्र

तंबूची खुंटी तळ्याच्या पाळीत शिरेना. दगडाने ठोकली तर वाकली, दुसरी घेतली तर तीही दोन बोटं जाऊन थांबली. मच्छीमार सोसायटीच्या राखणीला असलेले म्हातारे बाबा जरा लांब उकिडवे बसून बघत होते. ते उठून आले, खुंटी हातात घेऊन तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठोकलेली माती हाये जी थे. बैलं फिरवू फिरवू बसवली. तिले तुमची खुंटी का करते?" मग त्यांनी तंबूच्या चारी दोऱ्या चार धोंड्यांना बांधून दिल्या आणि पुन्हा जाऊन बसले.

थंडीत किनाऱ्यावर तंबू ठोकून राहायचं म्हटलं की आपल्याकडे काशीद आठवतं, रेवदंडा आठवतं. मालवणची वाळू, सुरूची बनं, रात्रभर लाटांची गाज. गोंदिया जिल्ह्याच्या वाट्याला यातलं काही आलेलं नाही. समुद्र पूर्वेला असो की पश्चिमेला, शेकडो किलोमीटर लांब. तरीही किनारा म्हणावा असं इथे गावोगावी आहे. पूर्व विदर्भात सहा हजारांहून जास्त जुने तलाव आहेत. सरकारी कागदावर ते 'माजी मालगुजारी तलाव', आणि या दोन शब्दांची पहिली अक्षरं जोडून लोकांनी केलेलं नाव 'मामा तलाव'. मला हे नाव फार आवडतं. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, मालगुजार गेले, आणि तळ्याशी मात्र मामाचं नातं राहिलं.

नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाव यांच्या मधल्या पट्ट्यातलं हे असंच एक तळं. दिवस पौष वद्यातले, संक्रांत नुकतीच झालेली. राखीव जंगलात असं मनाला येईल तिथे राहता येत नाही आणि राहूही नये, म्हणून गावाचं तळं निवडलं आणि गावात विचारून तंबू आणला. मी तो आधी पाळीच्या पायथ्याशी, धानाच्या कापलेल्या बांधीत लावणार होतो. जागा सपाट होती, वारा अडत होता. बाबांनी तिथून उठवलं. "खालतं नोका झोपू जी. पारीवर लावा. थंडी पान्यावानी उतारावं जाते."

पार म्हणजे पाळ. झाडीबोलीत ळ नाही, त्याचा र होतो. पाळीची पार झाली, तळ्याचा तरा झाला. बाबांचं म्हणणं किती अचूक होतं ते रात्री दोन वाजता खाली उतरलो तेव्हा कळलं. आभाळ निरभ्र असलं की जमीन आपली ऊब वर सोडून देते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि सखल जागा शोधत घरंगळते. बांधीत ती साचून राहिली होती, गुडघ्यापर्यंत जाणवावी इतकी. पाळीवर मात्र एका अंगाला तळ्याचं पाणी होतं, दिवसभराचं ऊन पोटात धरून बसलेलं. पंधरा-वीस फुटांच्या चढाने हवा बदलत होती. विदर्भातल्या थंडीच्या बातम्यांत गोंदियाचं नाव बरेचदा सगळ्यात वर असतं, पारा आठ-सातवर येतो. तेवढा गारठा एका ताडपत्रीवर झोपून काढायचा नसतो. बाबांनी खळ्यावरून तणीस आणवलं आणि हातभर जाडीचा थर पसरून त्यावर तंबू बसवला. अंग टाकलं की तणीस आधी करकरतं, मग दबतं आणि मग हळूहळू गरम होतं. त्याला धानाचा वास असतो, त्यात थोडी धूळ, थोडं गोडसर कुजणं. मला त्या वासाने लहानपणीची गाडीवाट आठवली.

कारण तंबू नवा असला तरी अशी मुक्कामाची पद्धत इथे नवी नाही. राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात चाकांवरचं घर घेऊन तळ्याकाठी उतरण्याची कल्पना आहे. ती वाचताना माझ्या डोळ्यांपुढे इथल्याच प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला निघालेल्या बैलगाड्या येतात. गाडीत शिधा, हंडा, पोरं. पाणी दिसलं की बैल सोडायचे, गाडीखाली तणीस टाकायचं, वर घोंगडी बांधायची, तीन दगडांची चूल मांडायची. सकाळी तेच तणीस बैलांपुढे. त्या मुक्कामाचा कचरा म्हणून राखेशिवाय काही उरत नसे.

संध्याकाळी पाळीवरून फेरी मारली. या किनाऱ्याची गंमत अशी की तो पाण्याने घडवलेला नाही, माणसांनी पाण्यासाठी घडवलेला आहे. नवेगावचं मोठं तळं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलं. तळ्याभोवतीच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि बांधकामात त्या बहिणींनी हात लावला अशी गावची श्रद्धा आहे. पाटील पुढे कोलासूर देव झाले, त्यांचं ठाणं तिथल्याच एका टेकडीवर आहे. बांध घालणाऱ्याला देव करणारा हा मुलूख आहे, आणि मला ते योग्य वाटतं. दोन डोंगरांमधली फट कुठे आहे, पाणी कुठून येईल, सांडवा कुठे काढला म्हणजे पाळ फुटणार नाही, खालच्या किती बांध्या भिजतील, हे सगळं नजरेने ओळखणारी माणसं होती ती. या तळ्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचं दार, अजून त्यांनी ठेवलं त्याच जागी आहे. मी खाली वाकून पाहिलं. दगडाच्या कडेला पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, एकीखाली एक, दर हिवाळ्यात पाणी उतरताना उमटलेल्या. सगळ्यात खालची अजून ओली होती.

तळ्याच्या उथळ अंगाला शिंगाड्याचे वेल शेवटचे राहिले होते. ढिवरांच्या दोन बाया कमरेइतक्या पाण्यातून बाहेर येत होत्या. त्यांनी मला ओंजळभर उकडलेले शिंगाडे दिले आणि पैसे घेतले नाहीत. "इतक्या गारठ्यात कायले आलासा बाप्पा?" एकीने विचारलं. तळं बघायला, म्हणालो. तिने मागे वळून तळ्याकडे पाहिलं, जणू आपल्यालाही एकदा बघून घ्यायचं राहिलं होतं. गाळ वाढला, बेशरमाची झुडपं माजली, पाण्यातल्या जुन्या वनस्पती गेल्या की मासा जातो आणि पक्षीही जातो, हे ढिवरांइतकं कुणाला ठाऊक नाही. याच तालुक्यात मनीष राजनकर आणि ढिवर समाजातल्या मंडळींनी वर्षानुवर्षं तेच काम मनावर घेतलं आहे. बेशरम उपटायचा, तळ नांगरायचा आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या. तळ्यात लावणी करायची ही कल्पना धान लावणाऱ्या माणसांनाच सुचावी. किनाऱ्यावर राहायला येणाऱ्याने हे काम आधी बघावं असं मला मनापासून वाटतं. सूर्यास्त त्यानंतर बघता येतो.

अंधार पडला आणि तळं आवाजाचं झालं. चांदवे पाण्यावर पाय आपटत पळत, थांबत, पुन्हा पळत. अडई बदकांची शीळ डोक्यावरून जाई, कारण ही बदकं रात्रीच चरायला निघतात. मृग नक्षत्र माथ्याकडे सरकत होतं. त्याच्या मागे व्याध इतका ठळक होता की तळ्यात त्याचा एक लांबट, थरथरता माग पडला होता. शेकोटीपाशी बाबा, मी आणि त्यांचा नातू. कुणी फार बोलत नव्हतं.

अकराच्या सुमारास पलीकडच्या गावातून हार्मोनियमचा सूर आला. नाटक. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरतात, बैलांचे शंकरपट होतात, आणि रात्री नाटक नाही असं गाव विरळा. वडशाच्या मंडळ्या गावोगाव हिंडतात आणि पडदा पडतो तेव्हा पहाट झालेली असते. ते गाव चांगलं तीन-चार किलोमीटर असेल, पण नायिकेचा हुंदकासुद्धा ऐकू येत होता. पाण्यालगतची हवा गार, वरची त्यामानाने उबदार, म्हणून वर गेलेला आवाज पुन्हा खाली वळतो आणि पाण्यावरून घसरत लांबवर जातो. नातवाला ते नाटक पाठ होतं. पुढचं वाक्य तो आधी पुटपुटे, मग ते पाण्यावरून येई. दिवसा हेच तळं दोन गावांना वेगळं करतं. त्या रात्री त्यानेच नाटक आमच्या शेकोटीपर्यंत आणून दिलं.

तंबूत पडल्यावर मला मारुती चितमपल्ली आठवले. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला राहिले, माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणकाराच्या सोबतीने हे जंगल आणि तळं वाचायला शिकले, आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहून त्यांनी गोंदियाचा हा कोपरा मराठी वाचकाच्या घरात नेला. 18 जून 2025 रोजी ते गेले. बातमी आली तेव्हा मी फलाटावर उभा होतो आणि मला पहिल्यांदा या तळ्यांवर उतरणारे पक्षी डोळ्यांसमोर आले. पक्ष्याला त्याच्या मराठी नावाने हाक मारायची असते हे मी त्यांच्याकडून शिकलो. चक्रवाक, काणूक, पट्टकादंब. नाव ठाऊक नसलं की पक्षी नुसता 'काहीतरी बदक' होतो, आणि 'काहीतरी'ची राखण कुणी करत नाही.

पट्टकादंब पहाटे आले. साडेपाच झाले असतील, पूर्वेला वृश्चिक वर आला होता. आधी वरून कुणी घशातल्या घशात बोलावं तसा आवाज, मग अंधाराचेच तुकडे सुटून आल्यासारखी रांग, मग पाणी फाटल्याचा लांब आवाज. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरच्या वरून त्याचं उड्डाण नोंदलं गेलं आहे. जिथे माणसाला धाप लागते त्या हवेतून पंख मारत तो इथे येतो आणि कापलेल्या धानाचे पडलेले दाणे वेचतो.

इथून जवळच, इटियाडोह धरणाकडच्या गोठणगावात, 1972 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. नॉर्गेलिंग तिचं नाव. तिथली माणसंही तोच हिमालय ओलांडून आली, पायी. हिवाळ्यात वसाहत अर्धी रिकामी असते, कारण कमावती माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात. त्यांच्या मुलखातले हंस इथे उतरतात त्याच महिन्यांत ती बाहेर असतात. मागे एकदा वसाहतीतल्या एका आजीने मला चहा दिला होता. आकाशातून रांग चालली होती. त्यांनी कपाळावर हात धरून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली आणि काही न बोलता आत गेल्या. हंस चैत्राच्या आधी परत जातात. त्या 1972 पासून इथेच आहेत.

उजाडताना तळ्यावर वाफ उठली. हवा पाण्यापेक्षा गार झाली की असं होतं. वाफेत डोंगा दिसत नव्हता, नुसता माणूस उभ्याने सरकताना दिसत होता. तेवढ्यात बांध्यांच्या बाजूने सारसांची जोडी ओरडली. नराची एक हाक, मादीच्या लागोपाठ दोन. तुतारीसारखा तो आवाज छातीवर आदळतो. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ या गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यातच उरला आहे, तोही मोजका. पावसाळ्यात तो उभ्या धानात घरटं करतो, आणि त्या घरट्यापुरतं धान शेतकऱ्याला सोडावं लागतं. सोडणारे शेतकरी इथे आहेत, आणि ते आहेत म्हणून ही हाक अजून ऐकू येते. मी तंबूच्या दारात गुडघ्यांवर बसून होतो. अंगावरची चादर कधी घसरली ते कळलं नाही. पुन्हा हाक येईल म्हणून बराच वेळ तसाच राहिलो, पण ती आली नाही.

तंबू आतून ओला झाला होता. आपलाच श्वास कापडाला लागून पाणी होतो आणि पहाटे थेंबाथेंबाने तोंडावर परत येतो. मी तो मोहाच्या फांदीवर वाळत घातला. पाळीवर मागे राहिला तणसाचा एक चौकोन, माझ्या पाठीचा खळगा पडलेला. बाबांनी हात घालून पाहिलं. "गरम हाये अजून," म्हणाले. मग दोन कवळ्यांत सगळं तणीस उचलून पाळ उतरले आणि खाली बांधलेल्या बैलांपुढे नेऊन टाकलं.