लांबच्या पल्ल्याची

तिचा स्वभाव पहिल्यापासून मोजकं बोलण्याचा. एकदा बोलली की गप्प. पुढचं ऐकायचं असेल तर माणसाने हात हलवला पाहिजे. बोल्टची मूठ वर, मागे, पुढे, खाली. वर उचलली की कुलूप सुटतं. मागे ओढली की रिकामं काडतूस टुणकन बाहेर पडतं. पुढे ढकलली की नवं काडतूस नळीत शिरतं, आणि खाली दाबली की पोलादी खुट्टे खोबणीत बसून मागचं दार गच्च बंद होतं. आपोआप भरणाऱ्या बंदुका हे सगळं बाराच्या जोरावर स्वतःच उरकतात, म्हणून त्या बडबड्या. हिच्यात मात्र गोळी नळीतून जात असताना मागे काहीही सरकत नसतं. नेम साधण्यात तिचं नाव झालं ते या स्थिरपणामुळे. बोल्ट-ॲक्शन रायफल म्हणतात ती हीच.

आपल्याकडे तिची ओळख झाली खाकी कपड्यांतून. ‘थ्री-नॉट-थ्री’ हे नाव ऐकलं नाही असा माणूस खेड्यातही सापडणार नाही. जेम्स पॅरिस ली यांनी रचलेला बोल्ट आणि लंडनजवळच्या एनफिल्डच्या कारखान्यातली नळी एकत्र येऊन १८९५ मध्ये ली-एनफिल्ड जन्मली. पुढे ती बंगालात इशापूरच्या कारखान्यात घडू लागली आणि दोन महायुद्धं करून पोलिसांच्या खांद्यावर स्थिरावली. वजन चार किलोच्या घरात, पोटात दहा काडतुसं, आणि डोळ्यासमोरच्या पट्टीवर २००० यार्डांपर्यंतच्या खुणा. तिची एक खोड जुन्या हातांना पाठ असते. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या बोटभर अंतरात ती अडते, कारण आतली स्प्रिंग तेव्हाच ताणली जाते. तिची जर्मन चुलत बहीण माउझर हेच काम मूठ वर उचलतानाच उरकते. हात एकीला सरावला की दुसरीजवळ काही दिवस चुकत राहतो.

सरकारी फौजेचं काडतूस खाजगी माणसाच्या हाती पडू नये, हा इंग्रजांचा दंडक. त्यातून तिची एक धाकटी बहीण निघाली, पॉइंट थ्री-वन-फाइव्ह. सांगाडा थोरलीचाच, नळीचं माप वेगळं, पोटात पाच काडतुसं. इंग्रज गेले तरी ती राहिली. परवानाधारकांच्या कपाटांत आजही दिसते ती बहुधा हीच.

रायफल घ्यायला निघालेला माणूस आधी दुर्बीण बघतो, मग दस्त्याचं लाकूड, मग नाव. ती मात्र त्याला आपले प्रश्न विचारते, आणि पहिला प्रश्न असतो, किती लांब? शंभर मीटरवर जुळवलेल्या थ्री-नॉट-एट मापाच्या रायफलीची गोळी तीनशे मीटरवर साधारण अर्धा मीटर खाली उतरते. वारा तिला बाजूला नेतो ते वेगळंच. चांगल्या रायफलीने शंभर मीटरवर आपल्या गोळ्या जेमतेम तीन सेंटीमीटरच्या घेरात ठेवाव्यात, अशी जाणकारांची अपेक्षा. तोच घेर तीनशे मीटरवर तिप्पट होतो. म्हणजे अंतर ठरल्याशिवाय रायफल ठरत नाही.

दुसरा प्रश्न, समोर काय? कागद असेल तर नळी जाड हवी, म्हणजे गोळीमागून गोळी सोडली तरी तापून नेम हलत नाही. दस्ता गालाला आणि खांद्याला लावून मागेपुढे करता यावा, चाप हलका आणि एकसारखा सुटावा. वजन जास्त असलं तर उलट बरं, धक्का कमी बसतो. समोर जनावर असेल तर सगळं उलटं. नळी बारीक, अंग हलकं, कारण तासन्‌तास खांद्यावर वागवायची. आणि चाप थोडा जड, कारण काट्याकुट्यांत बोट चुकून लागायला नको. दोन्ही कामं एकीकडून करून घ्यायला जाल तर एक ना धड, भाराभर चिंध्या.

तिसरा प्रश्न साधा, काडतूस कुठून आणणार? ते परवान्यावर मोजून मिळतं. ज्या मापाचं काडतूस बाजारात मिळत नाही ती रायफल कितीही देखणी असली तरी भिंतीवरची शोभा.

डहाणू-तलासरीच्या जंगलपट्ट्यात मात्र ही बया पहिल्याच प्रश्नावर अडखळते. साग, खैर, ऐन, मोह यांच्या रानात ‘किती लांब’ विचारलं तर उत्तर एकच, दिसेल तितकं. पावसाळ्यात झाडोरा आणि गवत इतकं माजतं की पाचपन्नास पावलांपलीकडचं काही दिसत नाही. उन्हाळ्यात साग पानं टाकतो, दिसतं थोडं लांबचं. पण पाचोळा असा वाजतो की सावज आधी सावध. अशा रानाने हत्यार निवडलं ते तिरकमठ्याचं. इथल्या वारली आदिवासींच्या चित्रांतली शिकार बघा. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी कागदा-कापडावर नेऊन जगभर पोचवलेली ती चित्रकला, ज्यासाठी त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन त्रिकोणांचा माणूस, ताणलेला कमठा, आणि समोरचं जनावर वितीभर अंतरावर. नेमबाजाला जवळ जाता आलं पाहिजे, ही तिथली विद्या. वाऱ्याची दिशा, पावलाचा आवाज, पाणवठ्याची वेळ. लांबून मारायची गरज ज्याला जवळ जाता येत नाही त्याला.

मारायचं म्हणावं तर तेही आता नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा धंदा आणि शौक दोन्ही मिटले. ससा असो की भेकर, तीर असो की गोळी, गुन्हा तो गुन्हा. भातात रानडुकरं शिरली तरी बंदूक उचलायची मुभा आपोआप मिळत नाही. वनखात्याकडे तक्रार, पंचनामा, भरपाईचा अर्ज, ही वाट.

या भागाने बंदुकीची दुसरी बाजूही पाहिली आहे. २३ मे १९४५ रोजी झरीला वारल्यांची परिषद भरली. वेठ आणि लग्नगडी, म्हणजे लग्नाच्या कर्जापोटी राबवून घेणं, या जुलमाविरुद्ध गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने माणसं उभी राहिली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो वारली जमले असताना पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये त्या लढ्याची हकीकत लिहिली. शेकडो यार्डांवरचा शत्रू टिपायला माणसाने बंदुकीची विद्या इतकी पुढे नेली. ती वापरली गेली हाकेच्या अंतरावरच्या माणसांवर, ज्यांची मागणी होती की फुकट राबवू नका आणि गवत कापायची मजुरी वाढवा. बंदुकीचा पल्ला वाढला म्हणून ती धरणाऱ्याची नजर लांबची होते असं नाही.

एरवी परवान्याच्या बंदुकीचं आयुष्य बैठं. कपाट, तेलाचं फडकं, परवान्याची वही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की तिला पोलीस ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. मालक पावती घेऊन परततो आणि ती चिठ्ठी बांधून इतरांच्या रांगेत उभी राहते. मतमोजणी झाली की परत घरी. वर्षानुवर्षं तिचा एवढाच प्रवास. अशा घरी थ्री-वन-फाइव्हची नळी आतून चकचकीत असते, कारण तिच्यातून गोळी गेलेलीच नसते.

तिला खरं सुख लागतं ते नेमबाजीच्या रेंजवर, आणि तिथे तिच्या घरातली सर्वांत लहान पोर सर्वांत पुढे गेली आहे. पॉइंट टू-टू. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, खांद्याला धक्का नाममात्र. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातला दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा. स्पर्धेत प्रत्येक गोळी हाताने एकेक भरायची. गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून झाडायची. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे नुसत्या पोटावरच्या प्रकारात, जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशनचं कांस्यपदक आणलं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हजार यार्डांच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा उभं राहून तो १०.४ मिलिमीटरचा गोल पन्नास मीटरवरून धरून बघावा. श्वास आत असतो तेव्हा नळीचं टोक एका जागी असतं, सोडला की दुसऱ्या. काळजाचा प्रत्येक ठोका समोर दिसतो.

म्हणून डहाणू-तलासरीच्या कुणा पोराने विचारलं, कुठली घेऊ, तर सांगणं सोपं आहे. आधी काहीच घेऊ नकोस. दहा मीटरच्या एअर रायफलीवर क्लबच्या बंदुकीने हात बसव. मग पॉइंट टू-टू, जाड नळीची, दस्ता तुझ्या मापाला बसवता येईल अशी. दुर्बिणीवरचे पैसे काडतुसांवर घाल, कारण रायफल शिकवत नाही, झाडलेली गोळी शिकवते. रेंज जवळपास नाही, वरळी किंवा बालेवाडी गाठावी लागेल; पण २०१३ पासून लोकल डहाणूरोडपर्यंत येते, तेवढी सोय झाली आहे. मोठ्या मापाची रायफल ज्याला घ्यायचीच असेल त्याने तिच्यासाठी तीनशे मीटरची मोकळी आणि परवानगीची जागा आधी शोधावी. ती सापडेपर्यंत पैसे बँकेत राहू द्यावेत, तिथे त्यांना गंज चढत नाही.