ध्येयाचा साचा

मागील सत्राच्या आरंभी आमच्या महाविद्यालयाने मनुष्यबळ व्यवस्थापनाची एक संगणकप्रणाली विकत घेतली. रजेचे अर्ज, वेतनपत्रके आणि सेवापुस्तकातील नोंदी यांच्यासाठी ती आली असावी, असे आम्हांला प्रथम वाटले. पण तिच्यात 'गोल्स' नावाचे एक दालन होते आणि ते रिकामे ठेवता येत नव्हते. प्रत्येकाच्या नावापुढे वर्षाची ध्येये लिहिली गेल्याखेरीज मूल्यमापनाचे चक्र सुरूच होत नाही, अशी तिची रचना. प्रत्येकासाठी वेगळी ध्येये लिहीत बसणे अशक्य. म्हणून पदनिहाय साचे, म्हणजे गोल टेम्प्लेट, तयार करायचे ठरले. अध्यापकांचा साचा करण्याचे काम मराठी विभागातील आम्हां दोघांकडे आले. आमच्यापैकी एक भाषाविज्ञान शिकवतो, दुसरी मध्ययुगीन वाङ्मय. 'तुमची भाषा चांगली आहे', एवढेच कारण सांगण्यात आले. भाषा चांगली असणाऱ्यांवर अर्ज-अहवाल लिहिण्याची जबाबदारी पूर्वापार येत आली आहे. तक्रारीला जागा नव्हती.

पहिली अडचण अर्थातच शब्दाची. 'गोल'ला मराठीत काय म्हणायचे? आमच्यापैकी एकाने 'ध्येय' सुचवले. 'ध्यै' या धातूपासून आलेला हा शब्द. ज्याचे ध्यान करावे ते. ३१ मार्चला संपणाऱ्या गोष्टीचे ध्यान करता येईल का, असा प्रश्न दुसरीने विचारला. 'उद्दिष्ट' हा बी.एड.च्या पुस्तकांतला रुळलेला शब्द. पण तो कर्मणी भूतकालवाचक कृदन्त आहे. म्हणजे कुणीतरी बोट दाखवून झालेले आहे, आपण फक्त त्या दिशेने चालायचे. 'लक्ष्य' धनुर्धराचे. 'साध्य' त्यातल्या त्यात प्रामाणिक, पण त्यात जे आधीच हाताशी आहे तेच लिहून टाकण्याची सोय.

गोंदिया जिल्ह्यात या शब्दांना कोशाबाहेरचाही अर्थ आहे. इथे धान खरेदी केंद्रांना खरेदीचे उद्दिष्ट ठरवून दिले जाते. ते पूर्ण झाले की काटा थांबतो. शेतकऱ्याच्या अंगणात पोती असली तरी 'उद्दिष्ट संपले' हे उत्तर मिळते. उद्दिष्ट 'गाठले' न म्हणता 'संपले' म्हणणारी ही मराठी आमच्या विद्यार्थ्यांची मातृभाषा नसली तरी व्यवहारभाषा आहे. आणि 'टार्गेट' हा शब्द तर इथल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी वाटतच नाही. आणीबाणीच्या १९७५ ते १९७७ या काळात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे पुरे करण्यासाठी देशभर जो जाच झाला, त्यात ठिकठिकाणी शाळामास्तरांनाही माणसे आणण्यास जुंपले गेले होते. केंद्र शासनाने त्या कार्यक्रमातील लक्ष्यांकाची पद्धत १९९६ मध्ये अधिकृतपणे सोडून दिली. शब्द मात्र मागे राहिला. शेवटी आम्ही पडद्यावर 'ध्येय' लिहिले. ते बरोबर होते म्हणून नव्हे; इतर तिन्ही शब्दांवर काही ना काही डाग दिसत होता म्हणून.

आता साच्याच्या अंतर्रचनेविषयी, कारण आमच्या बहुतेक वाचकांनी असा साचा भरलेला असेल, पण घडवलेला नसेल. प्रत्येक ध्येयाला नाव, वर्णन, आरंभाची तारीख, अंतिम तारीख, मापनाचा प्रकार आणि भारांश द्यावा लागतो. मापनाचे प्रकार तीनच: संख्या, टक्केवारी, होय-नाही. भारांशांची बेरीज शंभर झालीच पाहिजे. नव्याण्णव झाली तर पडदा लाल होतो आणि पुढे जाऊ देत नाही. वरच्या ध्येयाला खालचे ध्येय जोडण्याचीही सोय आहे: संस्थेचे ध्येय, त्याखाली विभागाचे, त्याखाली व्यक्तीचे, धबधब्यासारखे वरून खाली. खालून वर जाण्याची मात्र सोय नाही. आणि साचा एकदा 'प्रकाशित' केला की वर्षअखेरपर्यंत त्याला कुलूप. मुद्रित पुस्तकाला निदान शुद्धिपत्र तरी जोडता येते.

या साऱ्याचा मूळपुरुष शोधू गेल्यास आपण पीटर ड्रकरपाशी पोहोचतो. १९५४ मधील आपल्या ग्रंथात त्याने उद्दिष्टांद्वारे व्यवस्थापनाची कल्पना मांडली, तेव्हा तिला एक जोडशब्द लावला होता: स्वनियंत्रण. माणसाला आपले उद्दिष्ट ठाऊक असेल तर त्याच्यावर पहारा ठेवावा लागत नाही, हा त्यातला गाभा. पुढे व्यवहारात पहिला शब्द राहिला, दुसरा गळाला. १९८१ मध्ये जॉर्ज डोरन याने एका व्यवस्थापनविषयक मासिकात 'स्मार्ट' ही आद्याक्षरी सुचवली. तीतला 'ए' आज सर्वत्र 'साध्य होण्याजोगे' असा सांगतात. डोरनच्या लेखात त्याचा अर्थ 'कुणाकडे तरी सोपवता येण्याजोगे' असा होता. प्रत्येक उद्दिष्टात पाचही गुण असलेच पाहिजेत असे नाही, असेही त्याने तिथेच लिहून ठेवले आहे. मूळ संहिता आणि प्रचलित पाठ यांतील असे अंतर आम्ही एरवी वर्गात पोथ्यांच्या संदर्भात शिकवतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना याहून जवळचा दाखला मॅथ्यू आर्नल्डचा. आपण त्याला कवी आणि समीक्षक म्हणून ओळखतो, पण १८५१ पासून पस्तीस वर्षे त्याने शाळातपासनीस म्हणून पोट भरले. १८६२ मध्ये इंग्लंडात शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीला आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेतील निकालाला जोडणारी संहिता आली. आर्नल्डने तिला उघड विरोध केला. मुलांना खरोखर वाचता न येताही त्या परीक्षेतून पार पडता येते, हे त्याने सरकारी अहवालातच नोंदवले. स्वतः तपासनीस असूनही. किंबहुना तपासनीस असल्यामुळेच. आमच्या साच्यातही हजेरी आणि निकाल होतेच. आर्नल्ड आम्ही शिकवला आहे, तरीही होते.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. साचा म्हटला की नाक मुरडण्याची आपल्या वर्तुळात रीत आहे, आणि आम्हीही ती पाळत आलो. पण साचा नव्हता तेव्हा काय होते? गोपनीय अहवाल होता. वर्षभर माणसाने काय केले यावर वरिष्ठ एका बंद पाकिटात दोन ओळी लिहीत, आणि त्या ओळी ज्याच्याविषयी असत त्याला बहुधा पदोन्नती हुकल्यावर कळत. प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात सांगितले ते २००८ मध्ये. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या विनियमांत अध्यापकांसाठी गुणांची पद्धत आणली: संदर्भित नियतकालिकातील शोधनिबंधाला १५, अन्य मान्य नियतकालिकातील निबंधाला १०. तिचे हसे झाले, आणि ते योग्यच झाले. गुणांसाठी नियतकालिके निघाली, चर्चासत्रांचे जाडजूड खंड निघाले. पण एक गोष्ट तिने केली. प्राचार्यांच्या घरी दिवाळीचा फराळ घेऊन न जाणाऱ्या माणसालाही आपली बेरीज स्वतः करता येऊ लागली. हे काही थोडे नव्हे. म्हणून साचा घडवताना आमच्या मनात केवळ उपहास नव्हता. तो न्याय्य व्हावा अशी इच्छा होती. पुढचे त्यामुळेच अधिक लागले.

आमचा साचा असा होता: अध्यापन ३०, विद्यार्थ्यांची उपस्थिती २०, निकाल २०, संशोधन २०, विस्तारकार्य १०. बेरीज शंभर. पडदा हिरवा झाला. उपस्थितीचे मापन टक्केवारीत, अपेक्षा ७५, कालावधी १ जुलै ते ३१ मार्च, दर महिन्याची नोंद. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी गुण बाजूला ठेवून श्रेणी आणल्या, तेव्हा त्यांनीही टक्केवारीच वापरली होती. पण ती अध्यापकाने नेमून दिलेल्या तासिकांपैकी किती घेतल्या याची. ८० टक्के आणि त्याहून अधिक असल्यास 'चांगले'. म्हणजे माणसाच्या हातात असलेली गोष्ट तिने मोजली होती. आम्ही एक पाऊल पुढे जाऊन विद्यार्थी किती आले हे मोजायला घेतले. तासिका घेणे हे कर्तव्य, विद्यार्थी येणे हे यश, असे काहीसे वाक्य बैठकीत आमच्याच तोंडून गेले होते. ते चांगले वाटले होते.

आमच्या विभागात एक सहकारी घड्याळी तासिकांवर आहे. नेट उत्तीर्ण, वयाने आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, घर देवरीकडे. प्रणालीत नियमित आणि तासिका तत्त्वावरील अशी दोन पदे वेगळी दाखवता येत होती, पण वेगळ्या पदाला वेगळा साचा लागला असता, आणि महिनाअखेरीस सारे संपवायचे होते. आम्ही 'अध्यापक' या एकाच नावाखाली सर्वांना घेतले. समानतेचा तो एक मुद्दाही वाटला.

जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी असते. पऱ्हे उपटायचे, बांधीत चिखल करायचा आणि वाकून रोवत जायचे. हे काम मुख्यत्वे बायकांचे आणि मुलींचे. पाऊस साधला तर ते आठ-पंधरा दिवसांत उरकावे लागते, नाही साधला तर महिनाभर रेंगाळते. त्या दिवसांत बी.ए.च्या वर्गात मुली नसतात. मजुरी मिळते, आणि तीतूनच पुढे परीक्षेचे शुल्क भरले जाते. मार्चमध्ये पहाटे मोह वेचायला जाणाऱ्यांची पुन्हा अशीच गैरहजेरी. हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. वीस वर्षे आम्ही या जिल्ह्यात शिकवत आहोत. साचा करताना ते आठवले नाही, एवढेच. आमच्या स्वतःच्या तासिका बहुतेक एम.ए.ला आणि सकाळच्या, त्याच्या बी.ए. प्रथम वर्षाच्या आणि दुपारच्या. पडद्यावर त्याच्या ऑगस्टपुढे ३८ टक्के हा आकडा आला. संशोधनापुढे शून्य, तासागणिक मोबदला मिळणाऱ्याने शोधनिबंध कोणत्या तासात लिहायचा, हेही आम्ही विचारले नव्हते.

तो भांडायला आला नाही. वाचनकक्षात भेटला तेव्हा म्हणाला, "सर, रोवण्याच्या दिवसांत पोरी कुठून येतीन? मीच चार दिवस घरच्या बांधीत होतो, पण तासिका एक नाही सोडली." मग थोड्या वेळाने आमच्यापैकी दुसरीकडे वळून, "मॅडम, त्यात कारण लिहाचा रकाना कुठं आहे?" रकाना होता. स्वयंमूल्यांकनाच्या खाली, अडीचशे अक्षरांचा. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक एकेक अक्षर म्हणून मोजली जात होती, आणि हलन्त चिन्हही. त्याने रोवणीविषयी लिहिलेला मजकूर तिसऱ्या वाक्याच्या मध्यात तुटलेला आम्ही पाहिला.

आम्ही साचा उघडून देण्याची विनंती केली. चक्र सुरू असताना भारांश बदलल्यास सर्वांचेच आकडे बदलतील, असे उत्तर मिळाले. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. या सत्राचा नेमणूक आदेश निघाला तेव्हा त्याच्या तासिका मागच्या वर्षीपेक्षा कमी होत्या. त्या आकड्यांमुळे तसे झाले, असे कुणी म्हटले नाही. आम्ही विचारलेही नाही.

आमगावजवळ पदमपूर नावाचे गाव आहे. भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना अभिमानाने सांगतो की हा नाटककार आपल्या जिल्ह्यातला. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत त्याने आपली अवहेलना करणाऱ्यांना ऐकवले आहे की माझा समानधर्मा कधी तरी, कुठे तरी जन्मेल. काळाला मर्यादा नाही आणि पृथ्वी मोठी आहे. आमच्या सहकाऱ्याने यंदा हाच भाग बी.ए.च्या वर्गाला सांगितला, असे एका विद्यार्थिनीकडून कळले. मुद्दाम सांगितला की ओघात, ते तिला सांगता आले नाही. ती स्वतः घरी पोवारी बोलते आणि गेल्या वर्षीपासून आईच्या तोंडची रोवणीची गाणी एका वहीत उतरवून घेते आहे. वही त्याने तिला आणून दिली होती. आमच्या साच्यात ही वही विस्तारकार्यात बसत नाही, कारण लाभार्थींची संख्या एक. निकालात बसत नाही, कारण परीक्षा नाही. संशोधनात बसत नाही, कारण प्रकाशन नाही.

यंदाचा साचा पुन्हा आमच्याकडेच आला आहे. तासिका तत्त्वावरील अध्यापकांसाठी आम्ही वेगळे पद उघडले आणि त्यातून संशोधन काढून टाकले. उपस्थितीचा भारांश दोन्ही साच्यांत २० वरून ५ वर आणला आणि कालावधीचा आरंभ १ सप्टेंबर केला. मोहाच्या दिवसांसाठी मार्चही वगळला. यामुळे नियमितांच्या साच्यात १५ आणि दुसऱ्यात ३५ गुण मोकळे झाले आहेत. त्यांतील काही अध्यापनात मिळवता येतील. उरलेल्यांसाठी आम्ही एक नवी ओळ उघडली आहे, तिला अजून नाव दिलेले नाही. मापनाचा प्रकार विचारणारी चौकट तिच्यापुढे उघडी आहे: संख्या, टक्केवारी, होय-नाही. 'होय-नाही' घ्यावे, असे आमच्यापैकी एकाचे मत. होय कुणी म्हणायचे, असा दुसरीचा प्रश्न. साचा प्रकाशित करायला शनिवारपर्यंत मुदत आहे.