उशिराचे बक्षीस

ऑगस्ट 2025 मध्ये शाहरुख खानला ‘जवान’साठी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, विक्रान्त मॅसीसोबत विभागून. आमच्या भंडाऱ्याच्या उर्दू शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा मागवला गेला. मी तेवढी रुसले. 33 वर्षांत पहिला पुरस्कार, आणि तोही मारधाडीच्या सिनेमाला! 2004 च्या ‘स्वदेस’ला का नाही? त्या वर्षीचा मान ‘हम तुम’साठी सैफला गेला होता.

“आपा, देर आये दुरुस्त आये,” एक सर म्हणाले.

असेल. पण ‘स्वदेस’मधला मोहन पोरांना शाळेत पाठवा म्हणून घरोघर विनवतो. तो पाहूनच मी बी.एड.चे मनात घेतले.

माझ्या आठवीतली एक मुलगी पंधरा दिवस आलेली नाही. आज वैनगंगेपलीकडे कारध्याला तिच्या अम्मीकडे जायचे आहे. काय बोलायचे, तेच सुचत नाही.