बायपासनंतरचा तिसरा आठवडा

बायपास होऊन माणूस घरी आला की गाव भेटायला येतं. नारळपाणी, केळी, 'आता काय टेन्शन नाय' वगैरे. मामांकडंही तेच. अठराव्या दिवशी टाक्यांतून पाणी यायला लागलं, खोकला आला की छातीत हाड कटकट वाजायचं. इथं दवाखान्यात सांगितलं, वरवरचं आहे, मलम लावा. मामेभावानं तिकडच्या सर्जनला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. उत्तर आलं, आजच घेऊन या.

बायपाससाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. जंतू त्या हाडापर्यंत, त्याच्या मागं पोचले की मलम-गोळ्यांनी भागत नाही. शंभरात एखाद-दोघांना असं होतं. शुगर, लठ्ठपणा, बिडी-सिगारेट असेल तर धोका जास्त. मामांची शुगर २० वर्षांची.

पुन्हा ऑपरेशन. जखम उघडली, पू तपासायला पाठवला, सडलेला भाग आणि तारा काढल्या. मग जखमेत स्पंज, वरून प्लास्टिकचा चिकट पडदा, आणि त्याला जोडलेलं मशीन आतलं पाणी सतत ओढत राहतं. दोन-तीन दिवसांनी स्पंज बदलायचा. जखम लाल, स्वच्छ दिसायला लागल्यावर छातीचाच स्नायू सरकवून पोकळी भरली. शिरेतून अँटिबायोटिक ६ आठवडे. मामा आता देवळापर्यंत चालत जातात.

पैशांचं सांगतो. पहिलं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून, फुकट. त्या पॅकेजात सुटीनंतर १० दिवसांची औषधं बसतात. हा संसर्ग मात्र बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डोकं वर काढतो! दुसऱ्यांदा गेल्यावर काउंटरवर ऐकवलं, 'ही नवीन केस, आधी डिपॉझिट भरा.' दोन म्हशी विकल्या. योजनेची मर्यादा दीड लाखाची ५ लाख झाली, त्याच्या जाहिराती आमच्याही पेपरात आल्या. त्या ५ लाखांचा मामांना त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही.

तुमच्या घरात कुणाची बायपास झाली असेल तर ताप, टाक्यांतून पाणी किंवा पू, वाढतं दुखणं, हाड हलल्यासारखं वाटणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, थेट ऑपरेशन झालं त्याच हॉस्पिटलात जा. तिथल्या आरोग्यमित्राला गाठा. पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा आणि पावती जपून ठेवा.

सुटीनंतर उद्भवणाऱ्या अशा संसर्गाचा खर्च कोणी करायचा, हे योजनेच्या जिल्हा समन्वयकांना मी लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो. तुमच्याकडंही कुणाला असा अनुभव असेल तर कमेंटमध्ये लिहा.